थेंब बारा, पण बारीक

आज माह्या हातानं घोळ झाला.

पोरगा घरी पॅलॅडियम धातूचं औषध कागदाले लावून जुने फोटो छापते. आज माह्या पहिल्या पोरीचा छापून राह्यला होता. सन पंचावनच्या आसपास ती धानोऱ्याले तापानं मेली. तिचा हा एकच फोटो, त्याचीबी निगेटिव्हच उरली.

त्याचा ड्रॉपर फुटला. मी माह्या डोळ्याच्या औषधाचा देल्ला अन् बारा थेंब मोजून टाकले. थेंब पडले बारीक. औषध कागदभर पुरलं नाई, चेहऱ्याच्या जागी कागद कोराच.

"माय, थेंब मोजले, माप नाई पाह्यलं," पोरगा म्हणे.

"मंग आधी काऊन नाई बोलला, मुक्या?"

निगेटिव्ह शाबूत आहे, पण बाटलीत उरलेलं औषध दुसऱ्या कागदाले पुरत नाई. नवं महिन्यानं येईन. तवापर्यंत माहा डावा डोळाबी जाईन, असं डॉक्टर म्हणते.

कोणाजवळ हे औषध असन तर सांगा. पोरीचा चेहरा मले याद नाई.