मोजणी खात्याचा देव

जमीन मोजणाऱ्या माणसांबद्दल मला कधीच फारसं प्रेम नव्हतं, आणि त्यांचा साहेब झाल्यावर होतं नव्हतं तेही गेलं. ही पन्नासच्या दशकातली मधली वर्षं. पिंपरीला पहिले कारखाने उभे राहत होते आणि पार चाकणपर्यंत सडकेलगतची जमीन बघत कोट घातलेली माणसं मोटारीतून हिंडत होती. काल-परवापर्यंत ज्या माळांकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांच्या मोजणीचे अर्ज आमच्या कचेरीत ढिगानं येऊन पडायचे. माझ्या हाताखाली चार मोजणीदार, एक कारकून आणि एक शिपाई होता. कचेरी कुठल्या गावात होती ते सांगत नाही. त्या माणसांची मुलंबाळं अजून तिथं नांदत असतील.

कचेरी म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या. चारही कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल. पहिल्या मोजणीच्या वेळी इंग्रजांच्या अमलात काढलेले कच्चे नकाशे, ज्यांना आम्ही टिपणं म्हणतो, ते कापडात बांधून जमिनीवर रचलेले होते आणि शिपाई त्या गाठोड्यांवर बसून भाकरी खायचा. मी त्याला हटकलं तर म्हणाला, "साहेब, वाळवी लागत न्हाई, मान्साचं वजन आसलं की." मोजणीदार गावाला गेले की त्यांना सावली लागायची, घोंगडं लागायचं, चहा लागायचा, आणि परतताना पिशवीत काहीतरी फडफडायचं. मी सुरुवातीला फार ओरडलो. मग कमी ओरडलो. वर्षभरानं एकदा मीही कुणाच्या तरी घरचं रस्सा-भाकरीचं जेवण जेवून आलो आणि त्या दिवसापासून ओरडायचं बंद केलं.

मागच्या अंगणात देव होता. हा देव म्हणजे मुळात खात्याचा दगड. मोजणीची लोखंडी साखळी तेहतीस फुटांची असते. रोज ओढून ओढून तिच्या कड्या ताणतात, कधी वाकतात, म्हणून प्रत्येक कचेरीत बरोबर तेहतीस फुटांवर दोन दगड पुरलेले असतात. त्यांच्यावर फुल्या कोरलेल्या असतात. साखळी त्या दोन फुल्यांवर ताणून बघायची, कमीजास्त असेल तर लोहाराकडून ठीक करून आणायची आणि मगच शिवारात न्यायची. आमच्याकडं खंडेनवमीला साखळीची, काठ्यांची, झेंड्यांची पूजा व्हायची. सगळेच कामगार आपापली हत्यारं पुजतात, त्यात वाईट काही नाही. पण आमच्या लोकांची भक्ती जरा जास्तच उतू जाणारी. हळदीकुंकू साखळीवरून दगडावर गेलं, पुढच्या वर्षी दगडाला शेंदूर लागला, आणि मी यायच्या आधी कधीतरी पूर्वेकडच्या दगडाला छान चौकोनी ओटा बांधून झाला होता. देव धुळीत पडलेला बरा दिसत नाही, म्हणून.

मी रुजू झालो त्या दिवशी सगळ्यात जुन्या मोजणीदारानं मला हाताला धरून त्या ओट्यापाशी नेलं. माणूस साठीला टेकलेला, कपाळावर गंध, बोलणं लोण्यासारखं मऊ. मी हसलो आणि हात जोडले. खरं तर ताबा घेताना साहेबानं दोन दगडांमधलं अंतर स्वतः पोलादी टेपानं मोजायचं असतं, तसा नियम आहे. कचेरीत पोलादी टेप नव्हता. मी तो मागवला नाही. उलट, दर सोमवारी कारकून वही पुढं करायचा, तीत छापल्यासारखं एकच वाक्य असायचं, "साखळी तपासली, बरोबर आहे", आणि मी खाली सही करायचो. अशा दोन वर्षं सह्या केल्या.

मग मोशीची बाई आली.

पन्नाशीची असेल. नवरा वारला होता, मुलगी सासरी होती, शेत ती एकटी बघायची. इंद्रायणीच्या अंगाला तिची जमीन होती आणि बांधालगत विहीर. त्या विहिरीच्या पाण्यावर कांदा, मेथी, थोडा ऊस. मोटेच्या बैलांची धाव, म्हणजे बैल मोट ओढत ज्या उतारानं खाली जातात ती वाट, नेमकी शेजाऱ्याच्या बांधाला चिकटून होती, कारण विहिरीच्या बाकी तिन्ही बाजूंना उघडा खडक. शेजाऱ्याला जमीन विकायची होती, घेणारा मालधक्क्यासारखी मोठी वखार बांधून भोवती तारेचं कुंपण घालणार होता. म्हणून शेजाऱ्यानं हद्द मोजून मागितली. आमचा जुना मोजणीदार गेला, शेजाऱ्याच्या पश्चिमेच्या हद्दीच्या दगडापासून नकाशाप्रमाणं तीस साखळ्या मोजल्या आणि खुणेची काठी रोवली ती बाईच्या धावेच्या पलीकडच्या कडेला. विहिरीचा एक काठ आणि सबंध धाव शेजाऱ्याच्या वाट्याला गेली. विहीर तिची, पण पाणी काढायची जागा नाही.

ती कचेरीत आली तेव्हा शेजारीही मागोमाग आला होता, कारण भर चावडीत तिनं त्याला चोर म्हटलं होतं. तो बिचारा गोंधळलेला. मी दोघांना बसवलं. बाई बसली नाही.

"साहेब, मी अडानी हाय," ती म्हणाली. "पर तुमच्या मान्सानं त्याच्या अंगानं मोजलं. आता माज्या अंगानं मोजा. माज्या उगवतीच्या दगडापासनं माजी जिमीन भरा, आन् मग बगू बांध कुटं येतो."

जुना मोजणीदार हसला. मलाही ती मागणी उगाचच वाटली, पण नाही म्हणायला कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेलो. तिच्या पूर्वेच्या दगडापासून तिच्या नकाशाप्रमाणं अठ्ठावीस साखळ्या मोजल्या, आणि खूण पडली ती बांध ओलांडून सात फूट शेजाऱ्याच्या रानात. म्हणजे त्याच्याकडून मोजलं तर धाव त्याची, हिच्याकडून मोजलं तर धाव तर हिचीच, वर त्याचाही पट्टा हिचा. बांध मात्र दोन्ही काठ्यांच्या मधोमध, होता तिथंच.

बाई दोन्ही काठ्यांकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "दोगांची बी जिमीन वाढली व्हय एका रातीत? जिमीन न्हाई वाढत साहेब. तुमची साखळी लांब हाय."

चार मोजणीदार, इतकी वर्षं, हातात साखळी घेऊन शिवारं तुडवणारी माणसं, त्यांपैकी एकालाही जे सुचलं नाही ते हिनं दोन काठ्या बघून सांगितलं. आणि मला? मी तर साहेब होतो.

पिंपरीला एका बांधकामावरच्या इंजिनियराकडून मी पोलादी टेप मागून आणला. अंगणातले दोन दगड मोजले. अंतर तेहतीस फूट आणि वर चार बोटं, म्हणजे तीस साखळ्यांमागं सात-साडेसात फूट. ओटा बांधताना दगड काढला होता आणि चुना-विटा नीट बसाव्यात म्हणून किंचित सरकवून पुन्हा बसवला होता, एवढंच. त्यानंतर कचेरीतली प्रत्येक साखळी त्या देवाशी ताडून बघितली गेली, आखूड भरली, आणि लोहाराकडं जाऊन तीत कडी वाढवून आणली गेली. बरोबर असलेल्या साखळ्या आम्ही मुद्दाम पैसे देऊन खोट्या करून घेतल्या होत्या.

मी जुन्या मोजणीदाराला बोलावून टेप दाखवला. तो जराही दचकला नाही.

"सरकला असेल साहेब," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं. पण आता त्याला शेंदूर लागलाय, आता तो कसा हलवायचा?"

"तुम्हाला वाटलं होतं?"

"पहिल्या वर्षीच. पण नव्या साखळ्याही आखूड भरायला लागल्या, तेव्हा म्हटलं, दगड कसा खोटा असेल."

इतकी किळस मला आयुष्यात कधी आली नाही. त्या माणसाचं गंध, तो शेंदूर, पिचकारीनं लाल झालेली भिंत, सगळं एकदम नाकाशी आलं. मी त्याला वाटेल ते बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि माझं झाल्यावर मऊ आवाजात म्हणाला, "वहीवर सह्या साहेबांच्या आहेत."

मी पुण्याला वरिष्ठांकडं अहवाल पाठवला. अहवाल बरा लिहिला होता, माझ्या सह्यांचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला होता. वरिष्ठ स्वतः आले. दगड बघितला. बूट काढले, ओट्याला हात लावून नमस्कार केला, शिपायाकडून नारळ मागवून फोडला. मग खुर्चीत बसून खोबऱ्याचा तुकडा चघळत मला समजावलं.

"हे बघा, सगळ्यांची जमीन त्याच साखळीनं मोजली ना? मग सगळ्यांना सारखंच माप मिळालं. आता तुम्ही साखळी चुकली म्हणालात, तर ओटा बांधल्यापासूनची सगळी मोजणी चुकली. कारखान्यांना दिलेल्या जमिनी चुकल्या. तुम्ही दोन वर्षं सोमवारी सह्या करत होता तेव्हा झोपला होता का, असं मला विचारतील, आणि मला तुम्हाला विचारावं लागेल."

"आणि मोशीची बाई?"

"तिचा पूर्वेचा दगड जागेवर नसेल. शेतकरी दगड सरकवतातच. असं लिहा आणि पहिली मोजणी कायम करा. साखळ्या गुपचूप बदलून घ्या."

मला कुणी दम दिला नाही, हे इथं लिहून ठेवायला हवं. माझी नोकरी जात नव्हती. फार तर चौकशी झाली असती, बढती लांबली असती, दोन-तीन वर्षं कुठंतरी कोपऱ्यात पडून राहावं लागलं असतं. तेवढ्यासाठी मी तो कागद तसाच्या तसा लिहिला. अक्षरही चांगलं काढलं.

हद्द कायम करायला मी, जुना मोजणीदार आणि दोन पंच मोशीला गेलो. शेजारी आला होता. बाई धावेच्या वरच्या टोकाला उभी होती, बैल सोडून दिलेले, मोट कोरडी पडलेली. पंचनाम्यावर दोघांचे अंगठे लागतात. शेजाऱ्यानं अंगठा दिला. मोजणीदारानं शाईची डबी बाईपुढं धरली. तिनं हात पुढं केला नाही. ती माझ्याकडं बघत होती.

"साहेब, तुमी लोखंडाच्या टेपानं मोजलं म्हनं. तुमी सोता."

"हो."

"मग ह्या कागदाचं जाऊ द्या. तुमी सांगा. धाव कुनाची?"

मोजणीदार माझ्याकडं बघत होता, पंच बघत होते, शेजारीसुद्धा. त्याला खरंच ठाऊक नव्हतं आणि मी धाव हिची म्हणालो असतो तर त्यानं ते मान्य केलं असतं, याची मला आजही खात्री आहे. वाक्य तीन शब्दांचं होतं.

मी म्हणालो, "बाई, तुमचा पूर्वेचा दगड सरकलेला आहे. धाव शेजाऱ्याची."

मला वाटलं आता ती शिव्या देईल, आणि मी शिव्यांची वाट बघत होतो, त्यांनी बरं वाटलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरला.

"तुमी सोता मोजून सांगताय म्हंजी आमचंच चुकलं आसंल," ती म्हणाली आणि शाईत अंगठा बुडवून कागदावर नीट दाबून उठवला.

मग ती शेजाऱ्याकडं वळली. अंगठ्याची शाई पुसायच्या आधीच तिनं दोन्ही हात जोडले.

"भाऊ, मी तुमाला चार मान्सांत चोर म्हनलं," ती म्हणाली. "मला माफ करा."