उन्हातली भट्टी

नोकरीतले बरेच गुन्हे आता विस्मरणात गेले, पण शेंद्र्याच्या बाजूच्या त्या विहिरीची केस अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. हद्दीत इंधन साठवणुकीचा एक डेपो होता. सकाळची हजेरी चालू असताना मेंढपाळ वस्तीवरची एक बाई आली आणि पाण्याची बाटली तिने सरळ माझ्या टेबलावर ठेवली.

"साहेब, हुंगून बघा. हिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास येऊ लालाय. शेरडं तोंड लावंना गेलीत."

"डेपोत सांगितलं का?"

"सांगितलं की. ते म्हणतेत, आमची टाकी गळत नाय. मग हे काय आभाळातून पडलं व्हय?"

डायरीत नोंद करून मी तिच्यासोबतच निघालो. डेपोच्या सुरक्षा अधिकाऱ्याने टाक्या, त्यांभोवतीचे बांध, पाणी बाहेर जाण्याचे नाले, सगळे दाखवले. गळती कुठेच नव्हती. मग मी विचारले, "रेल्वेकडून डेपोत इंधन आणणारी जमिनीखालची पाइपलाइन कुठून जाते?"

त्याने हात केला, ती दिशा विहिरीचीच होती. त्याचा चेहराच उतरला. वस्तीतली एक पेटती चूलही सगळ्यांचा जीव घ्यायला पुरेशी होती. त्याने लगेच पंपिंग थांबवले, अग्निशमन दलाला बोलावले. आम्ही वस्ती शाळेत हलवली.

पाइपलाइनच्या कडेने चालत गेलो, तर वाटेत एक चहाची टपरी आणि तिच्यामागे पत्र्याची शेड लागली. मालकाकडे विचारपूस सुरू केली.

"पाइपलाइन? मला काय मालूम साब? मी गरीब चहावाला."

उलटसुलट विचारले तरी उत्तर बदलेना. पण एक गोष्ट मला खटकत होती. टपरीला कडुलिंबाची गार सावली असताना याची भट्टी रस्त्यापलीकडे, भर उन्हात होती.

"भट्टी तिकडं का रे?"

"हवा लागते ना साब."

लिंबाचे पानही हलत नव्हते. मी खिशातून काडेपेटी काढली, हवालदाराकडून घेतलेली विडी ओठांत धरली आणि शेडकडे चालू लागलो. "चल, आत सावलीत बसून बोलू."

त्याने धावत येऊन दोन्ही हातांनी माझे मनगट पकडले. "साब, काडी नका ओढू! सगळे मरू आपण!"

मी काडेपेटी उघडून दाखवली. ती रिकामी होती. मग तो सगळे बोलून गेला.

अग्निशमन दलाची गाडी आग विझवणारा फेस घेऊन उभी राहिली. पंचांसमक्ष शेडमधली फरशी काढली. खाली खड्डा होता आणि पाइपला भोक पाडून चोरीचा व्हॉल्व्ह बसवलेला होता. तोच पाझरत होता. संध्याकाळी टँकर घेऊन आलेले त्याचे साथीदार अलगद आमच्या सापळ्यात सापडले. पुढे खटला उभा राहिला, शिक्षा झाली आणि सगळ्यांची रवानगी हर्सूलच्या तुरुंगात झाली.

दूषित माती उचलली, विहीर उपसली, हवेची तपासणी झाली. मगच वस्ती परतली. त्या बाईने माझ्यादेखत चूल पेटवली. चूल पेटली, फक्त चूलच पेटली. तेवढा आनंद मला कुठल्या बक्षिसानेही झाला नाही.

या तपासानंतर चौकशीची माझी पद्धतच बदलली. समोरचा काय बोलतो ते मी ऐकायचोच, पण तो स्वतःचा जीव कुठे सांभाळतो ते आधी बघायचो. दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसलेला माणूसही स्वतःच्या जिवाशी कधी खोटे वागत नाही.