भांडी कोणी घासली?

आमच्या मंडळाचं त्रैमासिक निघत असे तेव्हा सांता क्लारात मराठी टाइपरायटर कुणाकडेच नव्हता. माझं अक्षर चांगलं आणि माझे यजमान चंद्रशेखर संपादक. त्यामुळे आलेला सगळा मजकूर काळ्या शाईने सुवाच्य उतरवून काढायचं काम, लग्नातून आलेल्या इतर कामांसारखं, न विचारताच माझ्याकडे आलं. मग त्या पानांच्या झेरॉक्स निघत. लोक म्हणत, अंक चंद्रशेखर काढतो. तो स्टेपल मारायचा.

मंडळातल्या सरलाने पहिल्यांदा कथा पाठवली ती स्वतःच्या नावाने. चंद्रशेखरने तिला कळवलं, "कथा छान आहे, पण सध्या भगिनींकडून मायक्रोवेव्हच्या पाककृती हव्या आहेत." सरलाने पाककृतीही पाठवली नाही आणि कथाही. मला मनातून फार वाईट वाटलं, पण तेव्हा आमची नुसती तोंडओळख होती.

पंच्याऐंशी साली कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली, त्यात सरलाचा नवरा पुरुषोत्तम याची नोकरी गेली. आधी महिनाभर त्याने टाय लावून रेझुमे पाठवले. मग टाय सुटला, मग दाढी वाढली, आणि पुढे तर मंडळाच्या गणपतीलाही तो आला नाही. सरला घरी लोकांची मुलं सांभाळू लागली. तिची धाकटी बहीण पद्मिनी शिकायला म्हणून त्यांच्याकडे आली होती, तिने शिक्षण सोडलं आणि कापडाच्या दुकानात कॅश रजिस्टरवर उभी राहिली.

त्याच सुमाराला आमच्याकडे शैलेंद्र सातारकर नावाच्या गृहस्थांची कादंबरी हप्त्याहप्त्याने यायला लागली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातल्या साताऱ्यात दोन बहिणी राहतात. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात चणचण, आणि या दोघी पुरुषाचं नाव घेऊन चोरून कादंबऱ्या लिहितात. असं सगळं समोर लिहिलेलं असूनही चंद्रशेखरला कसलाही संशय आला नाही.

"काय पुरुषी पकड आहे यार भाषेवर!" तो म्हणाला. "बायकांना हे जमणं शक्य नाही."

मी उतरवून काढत होते, म्हणून मला तिसऱ्याच पानावर कळलं. आजवर मी ज्या ज्या पुरुषांच्या कथा उतरवल्या, त्यांतली माणसं जेवतात, हात धुतात, सुपारी कातरतात आणि देशाची काळजी करायला ओसरीवर जातात. खरकटं तिथेच पडून राहतं. या सातारकरांच्या कादंबरीत मात्र प्रत्येक जेवणानंतर भांडी कोणी घासली ते सांगितलेलं असे. थोरलीला मागणी येऊन मोडते, घरावर आभाळ कोसळतं, आणि त्याखाली एक ओळ: 'त्या रात्रीची भांडी आईने घासली.' लेखक बाई होती हे माझ्या दृष्टीने तिथेच सिद्ध झालं. मंडळातल्या निम्म्या बायकांनाही ते कळलं असणार, कारण अंक आला की त्या फोनवर मला डोळा मारल्यासारख्या आवाजात विचारत, "सातारकर काय म्हणतायत?"

पाकिटावरचा पत्ता पुरुषोत्तमच्या अपार्टमेंटचा होता. चंद्रशेखरने एक दिवस तो नीट पाहिला आणि लगेच फोन लावला. "पुरुषोत्तमराव, अहो तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! इतके दिवस सांगितलं नाहीत?"

पुढचा हप्ता वेळेवर आला नाही म्हणून मी स्वतः त्यांच्याकडे गेले. दार उघडंच होतं. कार्पेटवर चार परकी मुलं झोपलेली, आणि स्वयंपाकघरात दोघी बहिणी जमिनीवर बसून कुजबुजत होत्या.

"मारून टाकू या तिला," पद्मिनी म्हणत होती.

"आज नको. मी रडले तर मुलं उठतील."

मला पाहून दोघी दचकल्या. मी म्हटलं, "मला सगळं माहीत आहे. कादंबरीतल्या धाकटीला मारणार असाल तर आधी मला सांगा, मी रुमाल घेऊन बसते."

मग सरलाने चहा टाकला आणि सांगितलं. त्या दिवशी पुरुषोत्तमने फोन उचलला तेव्हा त्याला आधी काही कळलंच नाही. पण चंद्रशेखर स्तुती करत राहिला, आणि पुरुषोत्तम हसला. कित्येक महिन्यांनी हसला. फोन ठेवून त्याने दाढी केली. नंतर त्याने घरात विचारलं तेव्हा सरलाच म्हणाली, राहू दे तुमचं नाव.

"सुचित्राताई, मला माझं नाव छापलेलं बघायचंय हो," ती म्हणाली. "लहानपणापासून तेवढं एकच हवंय. पण ते आता आंघोळ करून बाहेर जातात, रेझुमे पाठवतात. मी काय करू?"

मी माझा कप विसळून ठेवला. मनात राग मात्र भरपूर होता.

पुढची दिवाळी जवळ आली तशी मंडळाने ठरवलं, की कादंबरीचं पुस्तक करायचं. दिवाळीच्या कार्यक्रमात लेखकाची मुलाखत आणि लगेच पुस्तक झेरॉक्सला. 'शैलेंद्र सातारकर' खोडून तिथे पुरुषोत्तमचं खरं नाव छापायचं होतं. एकदा ते छापलं गेलं की संपलं, हे सरलाला माहीत होतं. कार्यक्रम एका शाळेच्या कॅफेटेरियात होता, आणि ती व पद्मिनी पाठीमागच्या किचनमध्ये श्रीखंडाची पातेली घासत उभ्या राहिल्या.

स्टेजवर पुरुषोत्तम नव्या कोटात बसला होता. बिचारा घामाघूम झाला होता. चंद्रशेखरने त्याला प्रेरणेबद्दल विचारलं. तो म्हणाला, "प्रेरणा अशी... घरातच असते." हे मात्र त्याने खरं सांगितलं.

"श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

मी उभी राहिले. चंद्रशेखरने मला डोळ्यांनी बस म्हटलं. मी बसले नाही.

"पाचव्या हप्त्यात थोरलीचं लग्न मोडतं, त्या रात्री सगळे कसेबसे जेवतात. त्या जेवणाची भांडी कोणी घासली?"

निम्मा हॉल हसला, म्हणजे बायका हसल्या. पुरुषोत्तमने कोटाचं बटण चाचपलं. "भांडी... मोलकरणीने घासली असतील."

किचनमध्ये पातेलं आपटल्याचा आवाज झाला. हातात घासणी घेतलेली, कोपरापर्यंत साबणाने भरलेली सरला दारात आली. ती कशासाठी गप्प होती, सहा महिने काय गिळत होती, ते सगळं ती त्या क्षणी विसरली.

"अहो, मोलकरणीला दुसऱ्या हप्त्यातच काढलंय! पैसे कुठायत त्यांच्याकडे? भांडी आईने घासली! आणि आई रडत होती म्हणून कढई नीट निघाली नाही!"

मग सरलाला कळलं आपण काय केलं. तिने हातानेच तोंड दाबलं आणि गालाला फेस लागला.

पुरुषोत्तम तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, माणूस आता पुन्हा अंथरुणात जाणार. तो उठला, माईक हातात घेतला आणि म्हणाला, "मी फक्त फोन उचलला होता."

कोट काढून त्याने खुर्चीला अडकवला. बाह्या दुमडत तो सबंध हॉल ओलांडून तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या हातातली घासणी घेतली.

"जा. मुलाखत तुम्हा दोघींची आहे," तो म्हणाला. "आत किती राहिलीत?"

"दोन मोठी पातेली आणि झारे," आतून पद्मिनी म्हणाली.

टाळ्या इतक्या वाजल्या, की त्यात नळाचा आवाज ऐकूच आला नाही. चंद्रशेखरने मुलाखत पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरू केली. उत्तरं या वेळी बरीच लांब आली.

पुस्तकाचं मुखपृष्ठ मीच लिहिलं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. वर सरला आणि पद्मिनी यांची नावं. आतल्या पानावर इतर पुस्तकांत 'मुखपृष्ठ', 'मुद्रण' वगैरे असतं तिथे सरलाने सांगितलेली ओळ मी तशीच उतरवली:

भांडी: पुरुषोत्तम.