ओल्या कोपऱ्यातली बोरं

लेकीच्या पहिल्या संक्रांतीला आम्ही तिचं बोरन्हाण चॉकलेटच्या गोळ्यांनी उरकलं. इथे जर्मनीत, ड्रेस्डेनमध्ये जानेवारीत बोरं कुठून आणणार? काळ्या झबल्यातल्या नातीच्या डोक्यावर गोळ्या ओतताना सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं होतं. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या होत्या, पण इथे त्यांचा जीव रमत नव्हता. "एकदा हिचं खरं बोरन्हाण झालं की मी मोकळी. मग जतला परत जाईन," त्यांनी जाहीर करून टाकलं. तिथल्या बंद घरात त्या एकट्या राहणार, हे मला पटत नव्हतं.

आमच्या बागेचा एक कोपरा कायम ओला. पाऊस पडला की चिकणमातीत पाणी साचून राहायचं. तिथे लावलेली चेरी कुजली, मग प्लमही कुजला. कुंपणापलीकडच्या म्हाताऱ्या शेजारीणबाई म्हणाल्या, "आल्झो, तर मग वाइसडोर्न लावा. इथलंच काटेरी झाड आहे, ओल सोसतं. लाल फळं येतात, खाताही येतात."

घरात सांगितलं तर सासूबाई उसळल्या. "काटेरी झाड? अगं, दारात काटे लावले की घरात भांडणं होतात!" मी फोनवर फळांचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा चढवून पाहिला.

"ही तर बोरंच की गं!"

मग काट्यांचा विषय निघाला नाही. बोरीला तरी कुठे काटे नसतात! आम्ही ऑक्टोबरात रोप लावलं. ज्या झाडाला फळं धरली की त्या जाणार, ते मी आपल्या हाताने लावत होते. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

सासूबाई पडल्या दुष्काळी भागातल्या. झाड जगवायचं म्हणजे पाणी घालायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. रोज अंघोळ झाली की बादली घेऊन कोपऱ्यात. पुढच्या उन्हाळ्यात पानं पिवळी पडली.

"अहो आई, तुम्ही बुडवताय त्याला!" माझा आवाज चढला. काट्यांनी भांडण आणलंच म्हणायचं. सासूबाई रिकामी बादली धरून नुसत्या उभ्या राहिल्या, आणि मला त्यांची फार दया आली. पानगळ झाल्यावर शेजारीणबाईंच्या सांगण्यावरून रोप मुळांसकट खणून काढलं, मातीचा उंचवटा केला आणि त्यावर पुन्हा लावलं. बादली कायमची आत गेली. तरी सासूबाई सकाळी जायच्याच, खोडाला हात लावून परत यायच्या.

लेक चार वर्षांची व्हायच्या सुमारास झाडाला फळं धरली. काळे पक्षी टपलेले. सासूबाईंनी आपली सुती साडी झाडावर पांघरली, ती काट्यांनी जागोजाग फाटली. "जाऊ दे, जुनेरच होतं." पहिलं फळ त्यांनी स्वतः खाऊन पाहिलं. "पिठूळ आहे. चालेल." वाडगाभर फळं फ्रीजरमध्ये ठेवली. फ्रीजर उघडला की मला तो वाडगा दिसायचा आणि मी दार पटकन लावून घ्यायचे.

संक्रांतीला शेजारीणबाईंनाही बोलावलं. चुरमुरे, हलवा आणि त्यात ती लाल फळं. सासूबाईंनी नातीच्या डोक्यावर ओतली, तशी ती ओरडली, "आजी, नोख माल!" आजीला तेवढं जर्मन येतं. त्यांनी खाली पडलेलं ओंजळीत भरून पुन्हा ओतलं, आणि पुन्हा. इतकं हसताना मी त्यांना इथे कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आवरेना, म्हणून मी स्वयंपाकघरात तिळगूळ आणायला गेले.

परत आले तर त्या सतरंजीवर बसून चिरडलेल्या फळांमधल्या बिया काढत होत्या. "विचार गं त्यांना, ह्या लावल्या तर येतात का?"

मी विचारलं. "गेनाऊ, येतात," शेजारीणबाई म्हणाल्या, "पण धीर हवा. उगवायला दोन हिवाळे लागतात."

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी बिया पदराच्या टोकात बांधल्या, गाठ ओढून घट्ट केली.

"मग मला थांबायलाच हवं," त्या म्हणाल्या. "तुमच्या भरवशावर सोडून गेले, तर पाणी घालून घालून मारून टाकाल."