कमठाण्याच्या चढावरची भिक्षा

नवस बोलताना माझ्या जिभेला हाड नव्हतं. धाकटा भाऊ पत्रे बदलताना छपरावरून पडला, कमरेखाली पाय बधिर झाले, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात दत्त महाराजांच्या तसबिरीपुढे मी बोलून गेले, "ह्याला पायावर उभा कर देवा, मी सायकलीवर गाणगापूरला येईन." भाऊ दरवर्षी दत्तजयंतीला बिदरहून सायकलीनं जायचा, म्हणून तोंडातून तेच निघालं. देवानं आपलं काम केलं. काठी टेकत का होईना, भाऊ चालायला लागला. आता पाळी माझी होती, आणि मला धड सायकलीवर चढताही येत नव्हतं. भावजय म्हणाली, "अक्का, बसनं जावा की. देव काय तिकीट बघतोय?" मी हसले, पण मनात दुसरंच होतं. नवस फेडला नाही आणि दिलेले पाय देवानं परत मागितले तर? आपले दत्त महाराज तसे नाहीत हे मला कळत होतं, माझ्या भीतीला कळत नव्हतं.

सायकल शिकायला आम्ही बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांमागच्या मोकळ्या रस्त्यावर जायचो. भाऊ काठी मांडीवर आडवी टाकून दगडावर बसायचा आणि मी त्याच्याच सायकलीवर, मान ताठ करून, देवाचं नाव घेत पुढे जायची. सीट मी पार खाली घेतली होती. थांबले की दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत, हा माझा हट्ट.

"अक्का, सीट वर घे. गुडघे जायलेत तुझे."

"मग पाय टेकत न्हाईत रे."

"टेकून कोण सायकल चालवतंय? तू चालवायलीस का ढकलायलीस?"

मी ऐकलं नाही. मग महिनाभरात रस्त्यावरचे ट्रक अंगावर आल्यासारखे वाटेनासे झाले, एवढीच काय ती प्रगती. गल्लीतली मंडळी रविवारी पहाटे सायकलींनी गाणगापूरला निघणार होती, वाटेत मुक्काम करत. त्याआधीच्या गुरुवारी मी एकटीनं कमठाणा गावाच्या पुढपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. एवढं जमलं तर जायचं, नाही जमलं तर काय, ते मी मनातसुद्धा पुरतं म्हणत नव्हते.

आणि तिथंच माती खाल्ली. माझा गुरुवारचा उपास वर्षानुवर्षांचा. त्यात नवसाची तालीम, म्हणून मी त्या दिवशी तो निर्जळी धरला. वाटलं, पुण्य जास्त पडेल आणि महाराज स्वतः पॅडल मारतील! भाऊ दारातून ओरडला, "पोटात काहीतरी घालून जा गं!" मी मागे वळूनही बघितलं नाही. बाटलीत पाणी होतं, ते परत येताना तुळशीला घालू म्हणून तसंच ठेवलं.

कमठाणा मागे पडलं तोवर ऊन डोक्यावर आलं होतं. पुढे चढ लागला. चढ कसला, भावाच्या भाषेत ती नुसती उचकी होती, पण माझ्या कानात शिट्टी वाजली आणि रस्त्याची तांबडी माती डोळ्यांपुढे फिरली. मी सायकलीसकट कडेच्या गवतात बसले. उठायला गेले तर पायांत जीवच नाही. भावाचे पाय असेच झाले असतील का, हा विचार आला आणि मला रडू फुटलं. मी मोठ्यानं ओरडले, "देवा, तुला माझं येणं नको असंल तर सांग की रे तसं! त्याच्या पायाला हात लावू नको!"

बाजूच्या तुरीत कोणीतरी हललं. एक म्हातारी ओच्यात शेंगा घेऊन बाहेर आली. तिनं काही न विचारता झाडाखालचं गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकर, वर पुंडीची भाजी. आपण अंबाडी म्हणतो तीच. मी हात जोडले. "आज गुरुवार हाय अव्वा, निर्जळी उपास. गाणगापूरला जायाचं हाय मला."

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तिथं जाऊन काय करतीस?"

"पाच घरं मधुकरी मागती."

"मग तिथं मागून खायाचं आन् हितं दिलेलं न्हाई खायाचं? महाराज दुपारचे भिक्षेला निघत्यात. दुपार झालीच की. माग!"

दर गुरुवारी माझ्या दारातून कोणी विन्मुख जात नाही, याचा मला केवढा तोरा. पण स्वतः कुणापुढे ओंजळ धरायची वेळ आली तर जीव जातो माझा. गाणगापूरलासुद्धा मी प्रथा म्हणून, हसत मागायची. त्या चढावर हसू येत नव्हतं. मी ओढणी पसरली आणि म्हणाले, "अव्वा, भिक्षा वाढ."

तिनं भाकर ओढणीत घातली. "हे पहिलं घर धर," म्हणाली आणि परत तुरीत शिरली. मी रडत रडत खाल्लं, बाटलीतलं पाणी प्यायले. मग थोड्या वेळानं सायकल हातात धरून चढ चढले, आणि वर गेल्यावर टांग मारली.

ती कोण होती, मी विचारलं नाही. कमठाण्याची कुणाची तरी आई असेल. मला तेवढं पुरे आहे.

घरी आल्यावर भावाला म्हटलं, "सीट वर घे." तो पाना घेऊन खाली बसला, हळूहळू, पण स्वतःच्या पायांवर. रविवारी पहाटे मी त्या उंच सीटवर बसले. जमीन पायाला लागत नव्हती. भीती गेली नव्हती, पण ती सांभाळायचं काम आता माझं एकटीचं राहिलं नव्हतं. आपण नवस फेडतो म्हणतो, पण फेडायचं बळही त्याच्याकडेच मागावं लागतं, आणि ते मागायला आधी ओढणी पसरावी लागते.

गाणगापूरला पोचले, संगमावर स्नान केलं, झोळी घेऊन निघाले. बरोबरच्या बायकांनी पाच घरं मागितली. मी चारच मागितली.