सुभेदाराचं पिस्तूल आणि शेजारची ठासणी

पिस्तूल मी गरजेपोटी घेतलं असं अर्जात आहे. ते खरं नाही. चिरेखाणीवर मजुरांचा पगार न्यावा लागतो, जिवाला धोका आहे, असं खेडमधल्या अर्ज लिहिणाऱ्याने लिहिलं आणि मी खाली सही ठोकली. चौथी नापास माणूस मी, पण सही माझी झोकदार असते. खरं कारण शेजारी राहत होतं. माझ्या चुलतभावाकडे त्याच्या बापाची ठासणीची बंदूक होती, शेताच्या राखणीच्या परवान्याची. दसऱ्याला तो बंदुकीला फूल वाहायचा आणि मी पहारीला. वीस वर्षं मी ते बघत आलो.

पलीकडच्या गावात एक निवृत्त सुभेदार होते. फौज जुनी पिस्तुलं मोडीत काढते तेव्हा नोकरीतल्या माणसांना ती स्वस्तात मिळतात, तसं त्यांनी घेतलेलं. आता नजर गेली म्हणून विकायचं होतं. परवाना आणि परवानगी मिळेपर्यंत रत्नागिरीच्या कचेरीत किती खेपा घातल्या ते एसटीचे कंडक्टर सांगतील. पिस्तूल हातात देताना सुभेदार म्हणाले, "हे डावीकडे मारतं. आणि दहा पावलांच्या पुढे झाडाल तर नुसता आवाज होईल."

"मला शिकवू नका. विहिरींना सुरुंग लावून हयात गेली माझी."

"सुरुंग पळून जायला वेळ देतो, शेठ. हे देत नाही."

काडतुसं परवान्यावर मोजकीच मिळतात. त्यातली बरीचशी मी पहिल्या रविवारी खाणीवर उडवली. मजुरांना ओळीने उभं केलं, समोर एकावर एक असे तीन चिरे रचले आणि वीस पावलांवरून झाडायला लागलो. पाच गोळ्या मातीत गेल्या. सहावीने वरच्या चिऱ्याचा कोपरा उडाला. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. पगार माझ्या हातात, वाजवणारच. चुलतभाऊ दगडी गडग्यापलीकडे गवत कापत होता. उठून म्हणाला, "दादा, चिरा पळत नाय ते बरं."

मजूर हसले. टाळ्यांपेक्षा ते हसणं मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खेडला जाऊन आणखी एक अर्ज लिहवून घेतला. चुलतभाऊ दारू पिऊन वस्तीत बार काढतो, पोराबाळांना धोका आहे. तो दारूला शिवत नाही, हे मला आणि सगळ्या वाडीला माहीत होतं. पण अर्जावर माझी सही होती, आणि पोलिसठाण्याच्या बांधकामाला माझ्या खाणीचा चिरा फुकट गेला होता. आठ दिवसांत शिपाई आले आणि चौकशी होईपर्यंत म्हणून ठासणी घेऊन गेले.

भात तेव्हा पोटरीला आलेलं. रानडुकरं दरसाल उतरतात. चुलतभाऊ हवेत एक बार काढायचा आणि ती माघारी जायची. त्याच्यासोबत माझंही शेत राखलं जायचं, हे मी कधी कबूल केलं नाही. त्या साली त्याची बायको बांधावर उभी राहून तेलाचा डबा बडवायची. डुकरांना चार दिवसांत डब्याची सवय झाली. मी पडवीत बसून तो डबा ऐकायचो आणि मला बरं वाटायचं. वाटलं ते वाटलं.

मग एका सकाळी माझी कुत्री शेतातून सरपटत आली. अकरा वर्षांची, खाणीवर माझ्यामागे हिंडलेली. डुकराने तिचं पोट फाडलं होतं. माझी बायको म्हणाली, "अवो, असं नका ठेवू तिला."

मी पिस्तूल आणलं. दोन काडतुसं उरली होती. जवळ जायला नको वाटलं, म्हणून गुरांच्या मांगराच्या दारातून नेम धरला. तिने मान वळवावी म्हणून शीळ घातली. ते मी करायला नको होतं. शीळ ऐकून तिने डोकं उचललं, शेपूट हलवली आणि माझ्याकडे यायला लागली. गोळी तिच्या जबड्याला लागली. दुसरी कुठे गेली माहीत नाही. ती येतच राहिली.

चुलतभाऊ गडग्यावर उभा होता. "एका बाराचं काम होतं," तो म्हणाला.

"मग काढ की बार."

"कशाने काढू, दादा?"

तो गडगा उतरून आला. हातात कोयता होता. "आत जा," म्हणाला. मी गेलो नाही. त्याने तिच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि एकच घाव घातला. माझ्या नळावर कोयता धुतला. जाताना एवढंच म्हणाला, "आठ दिवस तरी दे मला बंदूक. भात हातचं जाईल."

बायको संध्याकाळी जेवायला वाढताना म्हणाली, "एक कागद मागे घ्या, हात नाय झिजणार तुमचे." मी पान सारून उठलो. आठ दिवसांत डुकरांनी त्याचं शेत लोळवलं. मग माझं. मला तांदूळ विकत घ्यायला जमतं. त्याला जमत नाही. तो मुंबईला एका इमारतीत रखवालदार म्हणून गेला. त्याची बायको इथे एकटी.

निवडणूक आली की परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. गेल्या वेळी मी गेलो तेव्हा ठासणी कपाटाच्या कोपऱ्यात टेकवलेली दिसली. नळीवर गंज चढलेला, कड्याला चिठ्ठी बांधलेली. हवालदाराने माझं पिस्तूल तिच्याशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "चौकशीत काही निघालं नाही, शेठ. तुम्ही अर्ज मागे घेतलात की ही सुटेल. कागद तयार आहे, फक्त सही."

मी पेन घेतलं. पिस्तुलाच्या पावतीवर झोकात सही केली. दुसरा कागद सहीविना तसाच त्याच्याकडे सरकवला आणि एसटी गाठली.