मेजर आणि आमच्या जीपचा पंप

मेजर दुकानात गेले की वस्तूचं नाव सांगत नसत. खांद्यावरच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला मोडका भाग काढायचे, दुकानदारासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, "ह्यो." गाडी कोणती, मॉडेल कुठलं, असं त्यानं विचारलं की चिडायचे. "गाडीचं सोड. ह्येच्याकडं बघ आन् ह्येच्यासारखं दे." नवा भाग आला की दोन्ही शेजारी ठेवून भोकं जुळवत, उंची मोजत, कडा बोटानं चाचपत. पाच मिनिटांच्या खरेदीला तास लागे. "नाव लबाड असतंय गड्या," ते म्हणायचे, "नमुना लबाडी करत न्हाई."

खरं तर ते लष्कराच्या वर्कशॉपमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्या भागात फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. ती बढती गावच देतं. जत तालुक्यातल्या आमच्या गावी एसटीच्या थांब्यामागे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. वडापच्या, म्हणजे माणशी भाडं घेऊन फेऱ्या मारणाऱ्या जीपा, पाण्याचे टँकर, ट्रॅक्टर, सगळं त्यांच्याच दारात येई.

बसणं म्हणून त्यांना माहीत नव्हतं. चहा उभ्यानं, जेवण बहुधा अर्धवट. बोलता बोलता मध्येच थांबून रस्त्याकडे कान द्यायचे. "किसन्याच्या गाडीचं बेरिंग बोलाय लागलं," असं म्हणून किसन्या दारात पोचायच्या आत पाना शोधायला लागायचे. त्यांची बायको म्हणायची, "सरकारनं ह्यास्नी रिटायर केलं, पर ह्यांनी सोताला कवा केलंच न्हाई."

आमची जीप ही त्यांची खास डोकेदुखी. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सरकारी लिलावात घेतली होती. कागदावर पेट्रोलची, आत डिझेलचं इंजिन, पंखा तिसऱ्याच गाडीचा. दिल्लीत तेव्हा दर वर्षा-दोन वर्षांनी नवं कडबोळं बसत होतं, म्हणून मेजर तिला 'आघाडीचं सरकार' म्हणायचे. दादांच्या मागं ती मी चालवत होतो.

त्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण नंदा पहिल्या बाळंतपणासाठी घरी आली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं: मूल आडवं आहे, सोमवारी येऊन दाखल व्हा, आणि त्याआधी कळा आल्या तर जराही थांबू नका. वडापच्या जीपा दिवसभर फेऱ्यांवर, म्हणून गावात हाक मारल्याबरोबर निघेल अशी गाडी आमची एकच. आणि शनिवारी सकाळी बघतो तर जीपखाली पाण्याचं थारोळं.

मेजरांनी बॉनेट उघडून पंखा धरून हलवला. तो खुळखुळला. "वॉटर पंप गेला. इंजिनात पानी फिरायचं न्हाई. धा मैलांत उकळंल." त्यांनी पंप खोलून पिशवीत टाकला आणि आम्ही दोघांनी सांगलीची एसटी धरली. गाडीत जागा होती, पण ते उभेच राहिले. त्यांच्याकडे बघून मलाही बसवेना.

पहिल्या दुकानात पंप नव्हता. दुसरा म्हणाला, मंगळवारी मागवून देतो. तिसऱ्यात मिळाला. भोकं जुळली, तोंड जुळलं. मी पिशवी उघडून धरली, तर मेजरांनी दोन्ही पंप उभे केले आणि डोळा बारीक केला. पंप फिरवणाऱ्या पट्ट्याची पुली जिथं बसते ती जागा नव्या पंपात नखभर बुटकी होती.

"न्हाई. पट्टा तिरका पळंल."

"सगळे हाच नेतात," दुकानदार म्हणाला.

"सगळ्यांची गाडी एक हाय, हिची तऱ्हा येगळी." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "स्टेशनाकडं एक दुकान हाय. जुन्या गाड्यांचं सामान ठेवतंय. तितं बघू."

आमची एसटी सुटायला अर्धा तास उरला होता. सकाळपासून आवरून धरलेला माझा धीर तिथं सुटला. "मेजर, बास झालं तुमचं नमुन्याचं कौतुक. तकडं नंदीला काय झालं तर तुमी उत्तर देणार हाय का? ह्योच घ्या."

चार गिऱ्हाइकांसमोर मी त्यांच्यावर ओरडलो. ते जुना पंप फडक्यात बांधत म्हणाले, "घे." दुसऱ्याच्या सांगण्यावरून त्यांनी घेतलेला तो एकच भाग असेल.

गावी येऊन त्यांनी पुलीमागे वॉशर घालून बघितले. एक कमी पडत होता, दोन जास्त होत होते. तीनदा खोललं, तीनदा बसवलं. पट्टा होईल तितका सरळ केला आणि म्हणाले, "मिरज गाठंल. पर सावकाश न्यायची."

रविवारी दुपारीच नंदाला कळा सुरू झाल्या. मागे आई आणि नंदा, पुढे मी. मेजरांना कुणी बोलावलं नव्हतं, पिशवी घेऊन ते आपणहून शेजारी चढले. "सावकाश," ते म्हणत होते. पण मागून नंदाचं कण्हणं कानावर आलं की माझा पाय दाबला जाई. जत ओलांडून काही मैल गेलो आणि फटकन आवाज झाला. पट्ट्याच्या चिंध्या रस्त्यावर पडल्या, बॉनेटमधून वाफ निघाली. पिशवीत जुना पट्टा होता, पण तापलेलं इंजिन निवायला तासभर तरी हवा होता. आसपास ना झाड, ना घर.

आई पदरानं नंदाला वारा घालत होती. तिनं विचारलं, "पंप कुणी घेतला ह्यो?"

"मी, वैनी," मेजर म्हणाले. "माप चुकलं माझं."

मी तोंड उघडलं नाही.

मग ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. पाण्याचा टँकर येत होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, मेजर हलले नाहीत. त्यांच्यापासून हातभर अंतरावर टँकर थांबला. आई आणि नंदा त्याच्या केबिनमध्ये बसून मिरजेला पोचल्या. ऑपरेशन झालं, मुलगी झाली, दोघी वाचल्या. डॉक्टर आईला म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही नव्हतं.

हे वाक्य आईनं गावभर नेलं. मेजरानं चुकीचा पंप घातला, माझी पोरगी जाता जाता वाचली. वडापवाले हळूहळू जतच्या गॅरेजला जाऊ लागले. बारशाला सगळ्या गावाला बोलावणं होतं, मेजरांना नव्हतं. मी रोज ठरवायचो, आज आईला सांगायचं. रोज कच खायचो. मेजर मात्र त्याच आठवड्यात एकटे सांगलीला गेले, स्टेशनाकडच्या दुकानातून बरोबर पंप आणला आणि आई घरात नाही असं बघून बसवून गेले. जीप विकेपर्यंत तो थेंबभर गळला नाही.

वर्षभरात गॅरेज बंद करून ते पिंपरीला मुलाकडे निघाले. थांब्यावर मी त्यांना गाठलं. पेटी या हातातून त्या हातात घेत ते येरझाऱ्या घालत होते.

"मेजर, आज आईला खरं सांगतो."

"नगं," ते म्हणाले. "वैनीला कुनावर तर चिडाय पायजेच की रं. मी तर चाललोय. तुला त्या घरात ऱ्हायाचं हाय."

तीन वर्षांनी त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. मेजर गेले होते. आईला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मानूस वाईट नव्हता. पर त्या दिवशी माझ्या पोरीच्या जिवाशी खेळला." तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. बोललो नाही.

आता आईलाही जाऊन बरीच वर्षं झाली. मेजरांचा विषय निघाला की ती शेवटपर्यंत तेच वाक्य म्हणायची, आणि मी समोर बसून ऐकून घ्यायचो.